गिळल्याचा पुरावा

द्वारका, ६ नोव्हेंबर

ताई, जयभीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, म्हणून आधीच सांगतो, पैसे नकोयत आणि नोकरीही नकोय. मी बाबांकडे आलोय. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, आणि बाबांच्या फोनवरून बोलायला गेलो की ते शेजारी उभे राहून मी काय बोलायचं ते मलाच सांगतात. म्हणून कागद. लहानपणी रविवारी मराठीचं एक पान लिहायला बसवायचे ना, ते कधी तरी कामी यायचंच होतं.

मानेसरचं काम सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं, तुला माझं माहितीय. गोदाम बरं होतं, पण तिथं खिडकी नव्हती. त्याआधी कसोलला एका कॅफेत होतो, तिथं खिडक्याच खिडक्या आणि पगार नाही. असो, ते सांगायला बसलो तर मुद्दा राहून जाईल.

मुद्दा हा की सोसायटीच्या गेटवर तुझा फोटो लागलाय. 'सजग वार्धक्य'. प्रोफेसर डॉक्टर लुंबिनी, आरोग्य-अर्थशास्त्रज्ञ. धुरामुळे लांबून फक्त दात दिसतात. बाबा मात्र रोज त्या बॅनरखालून दूध आणायला जातात, आणि दुसऱ्या गेटनं गेलं तर दुकान जवळ पडतं.

तुझीच योजना तुला काय सांगू, पण तू ती कागदावरच बघितली असशील, म्हणून मी बघितलं तसं लिहितो. सकाळी आठला क्लब हाउसमध्ये म्हातारी मंडळी बाकांवर बसतात. टॅबलेट घेतलेली एक मुलगी एकेकाला नावानं बोलावते, बीपीच्या गोळ्या हातावर ठेवते, पाणी देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. मग म्हणते, "अंकल, मुँह खोलिए." जीभ वर करून दाखवायची. मग बोटानं टिक. बीपी मोजणार महिन्याच्या शेवटी, कारण रोज मोजलं तर माणूस आकड्याच्या मागे लागतो, असं तुझ्या नियमात लिहिलंय म्हणे.

दिवाळीनंतर पहिली बॅच सुरू झाली. शेजारचे भालचंद्रकाका त्यात होते. मला बघून म्हणाले, "काय रे भटक्या, आलास? बघ, तुझ्या ताईनं आम्हाला बालवाडीत घातलंय. फक्त रुमाल पिन करायचा राहिलाय."

परवा मी त्यांच्याबरोबरच खालून वर येत होतो. लिफ्टजवळ ते थांबले, भिंतीला हात लावला आणि विचारलं, "हितेश, फरशी हलतेय का रे?" मी हसलो. मला वाटलं काका मस्करी करतायत. तेवढ्यात ते खाली गेले, उभं कपाट कलंडतं तसे. डोकं लिफ्टच्या दाराला आपटलं. आता हॉस्पिटलात आहेत, खुबा मोडलाय आणि मेंदूत रक्त साकळलंय.

सगळे म्हणतात, धूर. या दिवसांत दिल्लीत नळाला पाणी आलं नाही तरी धूरच कारण असतो. पण त्याच बॅचमधल्या बी ब्लॉकच्या आंटी बाथरूममध्ये पडल्या, आणि एक सरदारजी अंकल मेट्रोच्या पायऱ्यांवर बसले ते उठेचनात. मी काही सुचवत नाहीये. तुझ्याकडे तीन आठवडे सर्वेला होतो तेव्हा तू म्हणायचीस, आधी मोजा, मग बोला. तर कुणी मोजतंय का, एवढंच विचारतो.

चोवीस तारखेला दुसरी बॅच. बाबा त्यात आहेत, आणि उद्घाटनाला तू येणार आहेस. त्यांनी कोट आत्ताच ड्रायक्लीनला दिलाय.

हितेश

द्वारका, १३ नोव्हेंबर

ताई,

भालचंद्रकाका मंगळवारी गेले. तुझ्या ऑफिसातून हार आला होता, सोबत कार्ड, छापील. प्रमोदिनीकाकूंनी ते वाचून दाखवायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, "लुंबिनीला सवड कुठली."

आता नीट वाच. मध्ये कुठं भरकटलो तर तेवढं सोड.

काल काकूंकडे गेलो होतो, खुर्च्या परत करायच्या होत्या. त्यांनी आतून स्टीलचा डबा आणून माझ्या हातात दिला. जड. "हे लुंबिनीला दे," म्हणाल्या. "गरिबांना वाटेल. चांगल्या आहेत सगळ्या." झाकण उघडलं तर गोळ्या. सुट्ट्या, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, काठापर्यंत. तळातल्यांचा भुगा झाला होता.

"काकू, काका गोळ्या घेत नव्हते?"

"घ्यायचे की. आठवलं की घ्यायचे."

"मग स्ट्रिपमधून काढून का ठेवल्यात?"

"अरे, महिनाअखेर स्ट्रिपा रिकाम्या करायच्या असतात ना," असं म्हणाल्या, जसं काही दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करायचा असतो.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं ते चकित होतील. ते पेपरची घडी करून उठले आणि कपाटातून बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. तोही तसाच भरलेला.

"सरकारी माल फेकायचा नसतो," म्हणाले.

ताई, आपण दोघं अकाउंट्स सेक्शनच्या माणसाची मुलं आहोत. मार्चमध्ये बाबा किती उशिरा घरी यायचे आठवतं? उरलेला निधी परत जातो, पुढच्या वर्षी कमी मिळतो, म्हणून मार्चमध्ये सगळं खर्ची पडलेलं दिसलं पाहिजे. मग कुणालाच नको असलेले पंखे यायचे. ही सगळी सोसायटी त्याच खात्यांमधून रिटायर झालीय. सरकारी दवाखान्यातून महिन्याची औषधं मिळतात. शिल्लक दिसली तर पुढच्या महिन्यात कमी लिहून देतील, आणि उद्या खरंच गरज पडली तर काय, ही भीती. कुणी एक दिवसाआड घेतं, कुणी चक्कर आली की बंद करतं, कुणाला आठवतच नाही. पण महिना संपला की सगळे बसून स्ट्रिपा रिकाम्या करतात.

"बाबा, हे औषध आहे. बजेट नाही."

"प्रत्येक गोष्टीचं बजेट असतं."

"ताईच्या सर्वेवाल्या मुली आल्या तेव्हा सांगितलं नाही?"

"त्यांनी रिकाम्या स्ट्रिपा मागितल्या. दाखवल्या."

"आणि गोळ्या कुठं गेल्या विचारलं नाही?"

"तो प्रश्न नव्हता फॉर्मवर."

मी बीए अर्धं सोडलेला माणूस. तरी मला जे कळलं ते असं. तू रिकाम्या स्ट्रिपा मोजल्यास आणि लिहिलंस की ही माणसं पूर्ण डोस घेतात, तरी यांचं बीपी उतरत नाही, म्हणजे डोस कमी पडतोय. दवाखान्यातल्या डॉक्टरनंही तेच वाचून डोस दुप्पट केला. मग तुझी योजना आली, आणि जो डोस या लोकांनी कधी पोटात घेतलाच नव्हता, तो दुप्पट होऊन रोज खरोखर पोटात जायला लागला. एकदम. काकांची फरशी त्यामुळे हलत होती.

माझं चुकत असेल तर मला मूर्ख म्हण. आनंदानं ऐकून घेईन. पण चोवीस तारखेच्या आधी म्हण.

आईचं मला माहितीय गं. ती गोळी अर्धी करून घ्यायची, बाकीची अर्धी कागदात गुंडाळून ठेवायची आणि आपल्याला म्हणायची, संपल्या आता, बरी आहे मी. ती गेली तेव्हा तू एमएला होतीस. मग औषधांच्या किमतीवर पहिला पेपर लिहिलास. किमती उतरल्या तरी लोक गोळ्या घेत नाहीत, हा दुसरा. बाबांनी दोन्ही पेपर फोटोकॉपीवाल्याकडून बाइंड करून आणले होते, हिरव्या कव्हरात. मला त्यातलं फक्त तुझं नाव वाचता यायचं. तुझं सगळं करिअर त्या कागदातल्या अर्ध्या गोळीवर उभं आहे. म्हणून तुला हे ऐकायला जड जाईल, ते मला कळतं.

तरी ऐक.

हितेश

द्वारका, २० नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक.

सोमवारी मी नोएडाला येऊन गेलो. मेट्रोच्या ब्लू लाइनच्या एका टोकापाशी बाबा आणि दुसऱ्या टोकापाशी तू, मध्ये सगळी दिल्ली चढते आणि उतरते. एका माणसानं पिंजऱ्यात ससा आणला होता, त्याच्या नादात माझं स्टेशन पुढं गेलं, परत फिरलो. तुझ्या गेटवर गार्डनं वर फोन लावला, ऐकलं आणि मला म्हणाला, "मैडम घर पे नहीं हैं." तुझी निळी ओढणी बाल्कनीत वाळत होती. ओढणीवरून काही सिद्ध होत नाही, मान्य.

मग तुझ्या इन्स्टिट्यूटला गेलो. तुझी ती संपदा भेटली, सर्वेच्या वेळी माझी हजेरी मांडायची ती. चांगली आहे बिचारी. कँटीनमध्ये बसवलं, सगळं ऐकलं, डबा बघितला. गोळ्या बघून तिचा हात चहाच्या कपावरच राहिला. मग म्हणाली, "यार हितेश, डिसेंबरमध्ये मंत्रालयाची मीटिंग आहे. योजना पूर्ण शहराला लागू होणार. मॅडमचं नाव मोठ्या समितीवर जातंय. आत्ता हे कोण सांगणार त्यांना?"

"तू सांग."

"माझी पीएचडी त्यांच्याच सहीवर आहे," ती म्हणाली आणि उठली. जाताना मागं वळून बघितलं, माझ्याकडं नाही, डब्याकडं.

सोसायटीच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणतो डोस त्यानं ठरवलेला नाही, तो फक्त सही करतो, मॅडमना विचारा. शेजाऱ्यांकडे गेलो. सगळ्यांनी दार उघडलं, आत बसवलं, चिवडा दिला. सगळ्यांच्या घरी डबे आहेत, ताई. कुणाची हॉर्लिक्सची बाटली, कुणाचा मिठाईचा खोका. आणि सगळे हळू आवाजात एकच म्हणाले, बेटा, ये बात बाहर मत करना, दवाखान्याला कळलं तर कोटा जाईल. भालचंद्रकाकांचा विषय काढला की म्हणायचे, त्यांचं वयच झालं होतं. त्यातल्या एकाचं वय काकांहून जास्त आहे.

आणि बुधवारी तू बाबांना फोन केलास. मला दुसऱ्या खोलीतून फक्त बाबांची बाजू ऐकू येत होती. "हो बेटा. नाही बेटा. त्याचं तू मनावर घेऊ नको, तो असाच." फोन ठेवून मला म्हणाले, "लुंबिनी म्हणते, हितेशला लक्ष वेधून घ्यायचं असतं."

"आणि गोळ्यांचं काय म्हणाली?"

"तो विषय मी काढला नाही."

"का?"

ते उठून खिडकी लावायला गेले. खाली कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता, त्याचा वास येत होता. मग म्हणाले, "तिच्या पेपरात मी आहे. नाव नाही, पण आकड्यात आहे. मी म्हणालो की स्ट्रिप रिकामी आणि गोळी डब्यात, तर खोटा कोण ठरतो?"

"तुम्ही खोटे नाही ठरत. चूक ठरते."

"तिच्या हुद्द्याच्या माणसाची चूक नसते, हितेश. त्याची चौकशी होते."

मी म्हणालो, मग निदान जिभेखाली धरा, बाहेर येऊन थुंका. त्यांना राग आला. इतक्या वर्षांत मी घरातून कितीदा पळालो, त्यांना एवढा राग कधी आला नव्हता. म्हणाले, "डब्यात टाकत होतो तेव्हा मला कळत नव्हतं त्यानं काय होतं. आता कळतं. आता फसवणार नाही."

म्हणजे ते गिळणार आहेत. त्यांना माहितीय, आणि तरी. फक्त तू नको म्हणालीस तर थांबतील. तसं ते बोलले नाहीत, पण मी त्यांना इतकं तरी ओळखतो.

हितेश

द्वारका, क्लब हाउस, २७ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

सोमवारचं तुला माहितीय, तू होतीसच. तरी लिहितो, कारण तुझ्या आठवणीत ते वेगळं राहील.

तू निळसर साडीत आलीस. केस पांढरे व्हायला लागलेत तुझे, चांगले दिसतात. भाषणात म्हणालीस, म्हातारपण म्हणजे आजार नाही, व्यवस्था नीट असेल तर माणूस शेवटपर्यंत ताठ चालू शकतो. प्रमोदिनीकाकू पहिल्या रांगेत होत्या. मग पहिलं नाव बाबांचं. तू स्वतः त्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्यास. फोटोवाला म्हणाला, सर, थोडं इकडं. बाबांनी गिळल्या, जीभ वर केली आणि तुझ्याकडं बघितलं. प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला आपण त्यांच्याकडं बघायचो तसं. टाळ्या झाल्या. माझ्याकडं तू एकदाही बघितलं नाहीस, त्यावरून कळलं की पत्रं पोचलीत; तोवर मला वाटत होतं, पोचलीच नसतील.

मग वर चहाला आलीस. बाबा आत कपडे बदलायला गेले. तू खिडकीशी उभी होतीस. मला म्हणालीस, "आईच्या समोर रोज कुणी उभं राहिलं असतं तर ती आज असती." मी म्हणालो, "ताई, काका तर गेले." तू कप खाली ठेवलास आणि हळूच विचारलंस, "तुझी पत्रं अजून कुणी वाचलीत?"

मी नाही म्हणालो. खरंच कुणी वाचली नव्हती.

एवढंच विचारलंस. मग बाबा आले आणि तू त्यांच्या मफलरबद्दल बोललीस.

त्या दिवसापासूनचं सांगतो. काकूंकडून काकांचं बीपीचं मशीन आणलंय. मंगळवारी वरचा आकडा एकशे आठ होता. काल नव्वद, बसलेले असताना. उभे राहिले तर मशीन एरर दाखवायला लागलं, पुन्हा लावलं तेव्हा अठ्ठ्याहत्तर. बाबा म्हणाले, "सेल गेले असतील." सेल मी नवे घातले होते. बेसिनपाशी जाताना ते आता आधी खुर्ची धरतात, मग दाराची चौकट, मग बेसिन. विचारलं तर म्हणतात, कडी ढिली झालीय का बघत होतो. काल डॉक्टरला आकडे दाखवले. तो म्हणाला, घरच्या मशीनचं धरत नाहीत.

आज सकाळी कोट घालून तयार. मी दारात आडवा उभा राहिलो. मला हातानं बाजूला सारायलाही त्यांच्यात जोर नव्हता, म्हणून मीच बाजूला झालो, आणि त्याची मला लाज वाटली. लिफ्टमध्ये त्यांनी फोन काढून त्याचा आवाज वाढवला. मी विचारलं, "कुणाचा यायचाय?" म्हणाले, "तिनं अजून काही म्हटलेलं नाही ना."

इथं बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी हे पत्र लिहायला घेतलं होतं, 'काल नव्वद'पर्यंत आलो होतो. आमच्या आधी दोन जण. मग मुलीनं हाक मारली, "सुखदेव अंकल." बाबांनी फोन पुन्हा बघितला, चष्मा वर करून, मग खिशात टाकला आणि गेले. टेबलाची कड धरून उभे राहिले. तिनं गोळ्या हातावर ठेवल्या. त्यांनी ग्लास उचलला.

मी माझा फोन कानाला लावला, उठलो आणि म्हणालो, "बाबा, थांबा. ताईचा फोन आहे. ती म्हणते, घेऊ नका. घरी जा म्हणते."

ते वळले. सगळा हॉल वळला. ग्लास तसाच वर.

"तुला फोन केला तिनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुझ्या नंबरवर?"

"हो, बाबा."

ताई, त्यांना गोळ्यांचं काही पडलंच नाही. त्यांचा चेहरा असा झाला की मला खाली बघावं लागलं. म्हणाले, "बोललात म्हणजे तुम्ही दोघं." मग त्या दोन गोळ्या त्यांनी जपून मुलीच्या ट्रेमध्ये परत ठेवल्या आणि तिला हिंदीत समजावलं, "प्रोफेसर साहिबा का ऑर्डर है. मेरी बेटी है." ती टॅबलेटवर काय लिहू म्हणून विचारत राहिली. बाबा तोवर माझ्या खांद्याला धरून बाकावर येऊन बसलेत. तिथूनच मी हे पुढचं लिहितोय. नक्की काय शब्दांत म्हणालीस ते त्यांना ऐकायचंय. मी म्हणालो, रेंज नव्हती, तुटक ऐकू आलं.

तर तुझ्या नावावर मी हे बोललोय. आता ते तुझं आहे.

हे पोस्टात टाकत नाही. त्यांना वर सोडून लगेच मेट्रोनं निघतो आणि तुझ्या गार्डच्या हातात देतो. तू घरात असलीस तरी मी वर येणार नाही. संध्याकाळचा चहा झाला की बाबा तुला फोन करतील. आधी हवा कशी आहे विचारतील, जेवलीस का विचारतील, आणि मग विचारतील, "सकाळी तूच बोललीस ना हितेशशी?"

तुला फक्त हो म्हणायचंय. नाही म्हणालीस, तर उद्या आठ वाजता ते पुन्हा कोट घालतील.

हितेश